वीस टक्के बर्फ

आई, माझं काम नेमकं काय आहे हे तुला सांगायची वेळ कधी आलीच नाही, आणि आज सांगायला बसले आहे तीही चिडूनच. तू गेलीस तेव्हा मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याला आता तेवीस वर्षं झाली. मधल्या काळात मी पीएचडीसाठी नेदरलँड्सला आले, इथेच नोकरी लागली, संसार झाला, आणि तू न पाहिलेली तुझी नात आता पंधरा वर्षांची आहे. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. तिच्या बाबाला माझ्या ऑफिसच्या कटकटी ऐकून कंटाळा आला आहे. तो म्हणतो, "झालं ना आता सगळं नीट, मग अजून काय?" अजून काय, हेच मला त्याला सांगता येत नाही. तुला सांगून पाहते.

मी आर्नहेममधल्या एका कंपनीत आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरेल की नाही याचा अंदाज आमची कंपनी देते. बर्फ म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर येईल तसा पांढराशुभ्र, ढीगभर नव्हे. तसा इथे फारसा पडतच नाही. इथे त्रास देतो तो काचेसारखा पातळ थर. संध्याकाळी पावसाची सर येऊन जाते, मग आभाळ उघडतं, रस्ता आपली ऊब सोडत सोडत पहाटेपर्यंत शून्याच्या खाली जातो आणि त्याच्या अंगावरचं पाणी गोठतं. दिसायला नुसता ओला दिसतो. पाय ठेवला की कळतं. म्हणून इथली नगरपालिका, तिला खेमेंटे म्हणतात, रस्त्यांवर मिठाच्या गाड्या फिरवते. पण रोज उठून मीठ टाकता येत नाही. झाडं मरतात, कालव्यांच्या पाण्यात मीठ उतरतं, आणि ड्रायव्हरांनाही झोप हवीच असते. कधी टाकायचं हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी आम्ही त्यांना 'हो' किंवा 'नाही' असं न सांगता शंभरातला आकडा सांगतो. या रस्त्यावर दहा टक्के, त्या पुलावर वीस. मी ज्या खेमेंटेबद्दल सांगणार आहे तिथे आकडा तीसच्या वर गेला की गाड्या निघतात, खाली असला की नाही. माझं काम त्याच्याही नंतरचं. हिवाळा सरला की मी मागे वळून मोजते. ज्या ज्या रात्री आम्ही वीस म्हणालो, त्यांतल्या किती रात्री खरोखर बर्फ धरला? पाचांत एकदा धरला असेल तर आमचं वीस खरं. पाचांत दोनदा धरला असेल तर आम्ही वीस म्हणून खोटं बोलत होतो, भले आमच्या मनात खोटं नसेल. याला पडताळणी म्हणतात. एका रात्रीवरून काहीच ठरत नाही, पुष्कळ रात्री लागतात, आणि लोकांना नेमकी एकच रात्र आठवते.

तुझं काम मी लहानपणापासून पाहिलं. कृषी महाविद्यालयाच्या मागे कुंपण घातलेला तो चौकोन, त्यात पांढरी जाळीदार पेटी, पर्जन्यमापक, गरगरणाऱ्या वाट्या, आणि अगदी जमिनीलगत, गवताच्या पात्यांना टेकेल असा आडवा ठेवलेला थर्मामीटर. थंडीत सकाळी सातच्या आत तू साडीवर बाबांचा जुना स्वेटर घालतेस, डोक्याला मफलर गुंडाळतेस, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत वही. भोवती द्राक्षांचे मळे आणि त्यांच्यावर धुकं. त्या गवतातल्या थर्मामीटरसाठी तू पूर्ण वाकायचीस, जवळजवळ गुडघ्यांवर, डोळा काचेच्या रेषेत आणून. बाबा बदलीच्या गावी असायचे, त्यामुळे घरात आपण दोघीच आणि त्या चौकोनातही बहुतेक वेळा आपण दोघीच.

मी अकरा वर्षांची असताना तुला सणकून ताप आला होता आणि शिपाई रजेवर होता. "जाशील का?" तू विचारलंस. "शिकवलंय तसं वाकून बघ. काडी कुठे आहे ते लिही आणि मग नळी तिरकी करून काडी परत जागेवर आण." त्या नळीतल्या स्पिरिटमध्ये एक बारीक काळी काचेची काडी असायची. गारठा वाढला की स्पिरिट मागे सरताना तिला ओढून न्यायचं, आणि नंतर ऊब आली तरी ती तिथेच पडून राहायची, रात्रीचा तळ दाखवत. मी गेले. गवत पांढरं पडलं होतं आणि माझ्या पायांत चपला होत्या. पेटीतले आकडे मी नीट वाचले. गवतापाशी मात्र नुसती उभी राहिले, खाली पाहिलं, आणि आदल्या दिवशी होते तसेच तीन अंश लिहून घरी पळाले. दुसऱ्या दिवशी तुझा ताप उतरला होता. तू स्वतः जाऊन आलीस. मी स्वयंपाकघरात चहात चपाती बुडवून खात बसले आहे, आणि तू मफलर न काढताच दारात उभी आहेस.

"काल वाकून बघितलंस?"

"हो."

"काल रात्री आभाळ भरलेलं होतं. मी खिडकी उघडी ठेवून झोपले इतकं ऊबदार होतं. मग आज काडी शून्याच्या खाली कशी?"

मी कप खाली ठेवला. मग रडत म्हणाले, "म्हणजे ती परवा रात्रीची आहे. आता कळलं ना तुला, मग आता शून्याखाली लिही ना कालच्या रकान्यात."

"मला कळलंय," तू म्हणालीस, "पण वेळेवर कुणी बघितलेलं नाही. न बघितलेलं लिहायचं नाही, बरोबर असलं तरी." आणि तू लाल शाईनं माझं तीन खोडलंस, बाजूला 'निरीक्षण घेतले नाही' असं लिहिलंस आणि खाली स्वतःची सही केलीस. माझं नाव कुठेच नाही. वर्षअखेरीला पुण्याच्या वेधशाळेतून त्याबद्दल विचारणा आली, तेव्हाही तू 'माझ्याकडून राहिलं' एवढंच उत्तर दिलंस. त्या हिवाळ्यातली सगळ्यात गार रात्र तुझ्या वहीत नाही, ती माझ्या चपलांपायी. मी पुढे हेच काम का निवडलं असं कुणी विचारलं की मी काहीतरी गणिताच्या आवडीचं सांगते.

पण खरं सांगू, तुझं बरं होतं. तुला झालेलं लिहायचं होतं. उद्याचं तुला कुणी विचारू शकत नव्हतं, म्हणजे विचारायचे, पण तू सुटायचीस. मळ्यातल्या काकू आठवतात? त्यांची द्राक्षं छाटणीनंतर उशिरा धरलेली, मणी नाजूक होते, आणि त्या दुपारी थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. "बाई, आज दंव गोठंल का?" तू पोळ्या लाटत म्हणालीस, "ते पुण्याचे लोक सांगतात. मी झालेलं लिहिते." काकू उठल्या नाहीत. तू दोन पोळ्या भाजल्यास, तिसरी तव्यावर टाकलीस आणि तव्याकडेच बघत म्हणालीस, "मी सांगितलं असं कुठे बोलू नका. पण वारा पडलाय. लाकडं काढून ठेवा." काकूंनी रात्रभर मळ्यात शेकोट्या पेटवल्या आणि दंव काही गोठलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या येऊन ऐकवून गेल्या, "बाई, माणसं जागवली, धुरानं डोळे फुटले, अन् झालं काहीच नाही." तू म्हणालीस, "बरं झालं की मग." काकूंना ते पटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं होतं की आई चुकली. आता वाटतं की तुझी ती एकच रात्र होती, आणि एका रात्रीवरून काही ठरत नाही, हे काकूंना कुणी सांगायचं?

आता माझं ऐक. तीन हिवाळ्यांपूर्वीची पडताळणी करताना मला एक गोष्ट सापडली. रस्त्यांवर आमचे आकडे चांगले होते. पण पुलांवर, त्यातही सायकलींच्या अरुंद पुलांवर, ज्या दिवशी संध्याकाळी सर येऊन मग आभाळ निवळतं अशा रात्री, आमचं वीस हे वीस नव्हतंच. जवळजवळ दुप्पट वेळा तिथे बर्फ धरत होता. कारण समजण्यासारखं होतं. पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, गार हवा वरूनही लागते आणि खालूनही. आमचं मॉडेल ते थोडं धरतं, पण पुरेसं नाही. सगळे रस्ते आणि सगळ्या रात्री एकत्र केल्या की हे कुठे दिसतही नव्हतं. वेगळं काढलं की लख्ख दिसायचं. मी आलेख काढला आणि आमच्या टीम लीडकडे गेले.

तो वाईट माणूस नाही, आई. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, कॉफी आणताना माझ्यासाठीही न विचारता आणतो. त्यानं आलेख पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "पण एकूण आपण किती टक्के बरोबर आहोत?"

"एकूण असं काही नसतं," मी म्हणाले. "हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री बर्फ धरतच नाही. रोज डोळे मिटून 'नाही' म्हटलं तरी आपण नव्वदीच्या वर बरोबर येऊ."

"ते मला कळतं. ग्राहकाला कळत नाही. त्याला एक आकडा लागतो."

"मग त्याला चुकीचा आकडा देतोय आपण."

त्यानं थोडा विचार केला. "या तुझ्या पुलांवरच्या रात्री आहेत किती?"

"थोड्याच आहेत," मला कबूल करावंच लागलं, कारण होत्याच थोड्या. "पुलांवर आपले सेन्सर फार कमी आहेत."

"मग हे परिशिष्टात टाकूया. पुढच्या वर्षी आणखी डेटा येईल तेव्हा पुढे आणू."

यात खोटं काहीच नाही, हाच तर माझा संताप आहे. थोड्या रात्रींवरून मोठं विधान करू नये, हे मीच नव्या मुलांना शिकवते. तो माझंच शस्त्र माझ्यावर चालवत होता आणि बरोबर चालवत होता. मी जागेवर जाऊन आलेख शेवटून दुसऱ्या पानावर टाकला, खाली 'अधिक निरीक्षणांची गरज' असं लिहिलं, आणि पहिल्या पानावर तो नव्वदीच्या वरचा आकडा ठळक अक्षरांत गेला.

जानेवारीत एका दिवशी दुपारी सर आली आणि चारच्या सुमाराला आभाळ उघडायला लागलं. त्या खेमेंटेच्या यादीत कालव्यावरच्या सायकलपुलापुढे वीस होतं. मीठ टाकायचा निर्णय घेणारे गृहस्थ तिथे बरीच वर्षं ते काम करत होते. साठीचे, उंच, कमी बोलणारे. इथे सगळे एकमेकांना एकेरीत हाक मारतात, मीही त्यांच्याशी तसंच बोलायचे, पण मनातल्या मनात मी त्यांना अहोच म्हणत आले आहे. त्यांनी वीस पाहिलं, नियमाप्रमाणे गाड्या काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला, अजून उजाडलं नव्हतं, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या एक बाई पहिल्या पाळीला सायकलवरून निघाल्या होत्या. पुलाच्या उतारावर सायकल सरकली. खुब्याचं हाड मोडलं. मागून कुणी येईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. गावच्या पेपरात आडव्या पडलेल्या सायकलचा फोटो आला आणि खाली प्रश्न, मीठ का टाकलं नाही?

दहा दिवसांनी खेमेंटेच्या ऑफिसात बैठक झाली. तिथल्या एक अधिकारी बाई, ते गृहस्थ, आमचा टीम लीड आणि मी. टीम लीडनं पडद्यावर आमचा ठळक आकडा लावला. म्हणाला, "वीस टक्के म्हणजे शून्य नव्हे. आम्ही शक्यता सांगितली होती. निर्णय तुमचा होता." अधिकारी बाईंनी मान वळवून त्या गृहस्थांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"मोजणी तू करतेस ना?" त्यांनी विचारलं. "मला एवढंच सांग. तुमचं वीस खरंच वीस होतं का?"

आई, इतका नेमका प्रश्न मला माझ्या पीएचडीच्या परीक्षकांनीही विचारला नव्हता. सगळं आयुष्य मी वाट पाहिली होती की कुणीतरी 'बरोबर की चूक' असं न विचारता हे विचारावं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "एका प्रसंगावरून ते सांगता येत नाही."

खरं वाक्य आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. टीम लीडनं मान डोलावली, अधिकारी बाईंनी ते टिपून घेतलं, आणि त्या गृहस्थांनी "असं होय," एवढंच म्हणून आपली पेन्सिल खिशात ठेवली. महिन्याभरात मिठाच्या ड्यूटीचा फोन त्यांच्याकडून काढून घेतला. शिक्षा म्हणून नाही म्हणे, 'जबाबदाऱ्यांची फेररचना' म्हणून.

फेब्रुवारीत मी त्यांना भेटायला त्यांच्या डेपोत गेले. कुणी पाठवलं नव्हतं, अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. उंच छपराखाली मिठाचा करडा डोंगर, त्याच्याशेजारी पिवळ्या गाड्या, आणि एका कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये ते गाड्यांच्या टायरांची यादी करत बसलेले. मला पाहून त्यांना नवल वाटलं असावं, पण दिसू दिलं नाही. कॉफी ओतली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की आमचं वीस वीस नव्हतं, की मला ते आधीच्या हिवाळ्यापासून माहीत होतं, की ते अहवालात आहे पण कुणी उघडत नाही अशा पानावर आहे.

त्यांनी टायरांची यादी बाजूला सारली. मग म्हणाले, "मी उघडलं होतं ते पान."

"मग?"

"खाली लिहिलं होतं, अधिक निरीक्षणांची गरज. मला वाटलं, म्हणजे त्यांनाच खात्री नाही. ज्याला खात्री नाही त्याच्या जिवावर मी रात्री चार माणसं कशी उठवणार?" त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि रबर लावलेल्या वह्या काढल्या, छोट्या, खिशात मावणाऱ्या. "निरीक्षणं माझ्याकडे आहेत. कामावर येताना मी रोज चार पुलांवरून येतो. उतरतो, बुटानं घासून बघतो. निसरडं किंवा नाही, एवढंच लिहितो. तुमच्या कंपनीला एकदा विचारलं होतं हवंय का. बुटाचं काही खरं नाही म्हणाले, सेन्सर पाहिजे."

"कुणाला विचारलं होतंत?"

"आठवत नाही. झाली वर्षं." आणि मग, मी विचारलं नव्हतं तरी, "मी त्या बाईंना भेटून आलो हॉस्पिटलमध्ये. मला वाटलं चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या की पूल ओला दिसत होता, फक्त ओला. पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, जणू मी त्यांना विचारायला आलोय की नीट बघितलं का नाहीत."

त्या वह्या मी घरी आणल्या. पेन्सिलीनं तारीख, पुलाचं आद्याक्षर, आणि 'निसरडं' किंवा 'नाही'. काही सकाळी नुसती आडवी रेघ, म्हणजे ते आजारी होते किंवा सुट्टीवर. एकही रकाना अंदाजानं भरलेला नाही. मी सगळं उतरवून घेतलं आणि आमच्या जुन्या अंदाजांशी जुळवलं. थोड्या रात्री आता पुष्कळ झाल्या. उत्तर तेच निघालं, पण आता शंका घ्यायला जागा उरली नाही. आलेख घेऊन मी टीम लीडकडे गेले आणि म्हणाले की हा या वेळी पहिल्या पानावर जाईल, नाहीतर त्यावर माझं नाव घालू नका. माझा आवाज चढला होता. त्यानं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे की पहिल्या पानावर. हे छान आहे. यातून पुलांसाठी वेगळा अंदाज काढता येईल."

आणि तसाच काढला. गेल्या हिवाळ्यापासून पुलांचा आकडा वेगळा येतो, त्याची मर्यादाही खेमेंटेनं खाली आणली. सगळं झालं, आई. मला हवं होतं ते सगळं. अहवालात लिहिलं आहे, 'स्थानिक निरीक्षणांच्या आधारे सुधारणा.' कुणाची निरीक्षणं ते नाही. आधीचं चुकत होतं, असं एकही वाक्य नाही. मी तसं वाक्य घातलं होतं, ते दोनदा काढलं गेलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा टीम लीड म्हणाला, "सुधारणा म्हटलं की त्यात आलंच ना ते?" तुझ्या लाल शाईसारखं काही इथे नसतं. इथे जुनी फाइल बदलून नवी येते आणि तिच्यावर फक्त नवा क्रमांक असतो.

त्या गृहस्थांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. गेल्या आठवड्यात डेपोत त्यांचा निरोप होता, दुपारी, केक आणि कॉफी. अधिकारी बाईंनी भाषण केलं, त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं, जानेवारीचा उल्लेख टाळला. त्या पडलेल्या बाईही आल्या होत्या, काठी घेऊन. त्या आता पहिली पाळी करत नाहीत, सायकलही चालवत नाहीत. आमच्या कंपनीतर्फे फुलं मीच नेली. ते माझ्याशी हात मिळवताना म्हणाले, "तू एकटीच होतीस जी येऊन सांगून गेलीस. तेवढं फार झालं." मला 'थँक यू' म्हणता येईना. फुलं त्यांच्या हातात कोंबली आणि आजारी असल्याचं सांगून निघून आले. घरी आल्यापासून मी सगळ्यांवर चिडते आहे, कंपनीवर, नवऱ्यावर, काही काही वेळा तुझ्यावरही.

त्या गृहस्थांना वाटतं मी सगळं सांगितलं. सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, टीम लीडला नाही, त्यांनाही नाही, आणि हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही म्हणून इथे लिहिते. त्या जानेवारीतल्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मी पुलापुढचं वीस पाहिलं होतं. खिडकीतून उघडत जाणारं आभाळ पाहिलं होतं. तुझ्या नातीच्या शाळेच्या वाटेवरही कालव्याचा पूल लागतो. मी तिला फोनवर लिहिलं, 'उद्या सकाळी सायकल नको, बसनं जा.' तिनं लिहिलं, 'फक्त वीस टक्के तर आहे.' मी लिहिलं, 'ते वीस नाहीये. बसनं जा म्हटलं ना.' ती कुरकुरली, पण बसनं गेली. तो निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यावरची वेळ पावणेपाचची आहे. गाड्या काढायच्या की नाही, हे ते गृहस्थ रोज साडेपाचला ठरवायचे.